दहाव्या तासाचा जमाखर्च

व्यापारी माणसाची पत त्याच्या वहीवर उभी असते, हे आपणां सर्वांच्या कानावर लहानपणापासून पडत आले आहे. रोजकीर्द जुळल्याखेरीज सायंकाळी गादीवरून उठावयाचे नाही, खतावणीत कोणाचेही येणे-देणे नोंदल्यावाचून ठेवावयाचे नाही आणि मापात खोट करावयाची नाही, या तीन गोष्टींच्या बळावर आपल्या वाडवडिलांनी दूरदूरच्या गावी दुकाने थाटली व टिकविली. बेळगावची रविवार पेठ असो, इंदूरचा सराफा असो, वडोदऱ्याची मांडवी असो वा हैदराबादचा बेगम बाजार असो, मराठी बोलणारा व्यापारी जेथे जेथे स्थिरावला तेथे तेथे त्याच्या हिशेबाबद्दल लोकांस भरवसा वाटला. हा भरवसा ही आपली सर्वांत मोठी पुंजी होय.

मात्र याच दुकानांत रोज सकाळी एक वस्तू येते, दिवसभर खर्च होते, आणि तिची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. ती वस्तू म्हणजे दुकानातील नोकरमाणसाचा तास. साखरेचे पोते किती किलोचे आले हे आपण जाणतो. तागा किती मीटरचा निघाला हे आपण मोजतो. पण आपला गुमास्ता गेल्या आठवड्यात एकूण किती तास उभा होता, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांस बोटे मोजावी लागतील. ‘ओव्हरटाइम’ हा शब्द गिरणीच्या भोंग्याशी आणि कारखान्याच्या फाटकाशी जोडलेला आहे, आपल्या गल्ल्याशी त्याचा संबंध नाही, अशी समजूत आपल्यात रूढ आहे. ही समजूत कायद्याच्या दृष्टीने चुकीची आहे, हिशेबाच्या दृष्टीने महाग आहे आणि नीतीच्या दृष्टीने आपणांस न शोभणारी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. ते मत सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मर्यादा आली कोठून?

दिवसाच्या कामास मर्यादा असावी, हा विचार आपल्या देशात केवळ बाहेरून आलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांस रविवारची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी केलेली खटपट १८९० साली फळास आली. पुढे १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा उद्योगधंद्यांसाठी ठरविली आणि जादा वेळेस किमान सव्वापट दर असावा असे सांगितले. हिंदुस्थानापुरती मात्र आठवड्याला ६० तासांची सवलत ठेविली. ती मर्यादा उतरता उतरता ५४ वर आली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळीत असता आणलेल्या विधेयकाने १९४६ मध्ये कारखान्यांचा आठवडा ४८ तासांचा झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीच मर्यादा कायम ठेवून जादा तासांस दुप्पट दर लागू केला.

दुकानांची कथा याच्याशी समांतर चालते. दुकाने व आस्थापना यांसाठी या देशातील पहिला कायदा मुंबई प्रांताने १९३९ साली केला. त्याची जागा १९४८ च्या कायद्याने घेतली. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १९६१ साली त्या राज्याने स्वतःचा दुकाने व व्यापारी आस्थापना अधिनियम केला, तोच आज कर्नाटकाचा कायदा म्हणून ओळखला जातो. मध्य प्रदेशाचा कायदा १९५८ चा, गोव्याचा १९७३ चा, तेलंगणात चालणारा कायदा अखंड आंध्र प्रदेशाच्या काळातील १९८८ चा, महाराष्ट्राचा नवा कायदा २०१७ चा आणि गुजरातचा २०१९ चा. इंदूरकडे ज्यास लोक सरळ ‘गुमास्ता कायदा’ म्हणतात, तो हाच. गावागणिक कायदा निराळा असल्यामुळे, ‘तुमच्याकडे असेल, आमच्याकडे तसे नाही’ असे एकमेकांस सांगण्याची सोय आपणांस झाली आहे. वस्तुतः तपशील निराळे असले तरी हिशेबाचा सांगाडा एकच आहे.

नियमाचा सांगाडा

उदाहरणादाखल कर्नाटकाचा कायदा घेऊ. त्याच्या सातव्या व आठव्या कलमांत जी मांडणी आहे ती अशी : दिवसाला ९ तास व आठवड्याला ४८ तास ही नेहमीच्या कामाची सीमा. जादा काम धरूनही दिवसाचे तास १० च्या पुढे जाता कामा नयेत; अपवाद फक्त शिल्लक मालाची मोजदाद व हिशेब तयार करण्याच्या दिवसांचा. सलग तीन महिन्यांत जादा तासांची बेरीज ५० च्या वर जाता कामा नये. आणि ९ वा ४८ तासांपलीकडे जे काम होईल त्यास नेहमीच्या वेतनाच्या दुप्पट दर द्यावा. पुढील कलमांनुसार पाच तास सलग काम झाल्यावर किमान एक तास विश्रांती हवी, आणि विश्रांती धरून माणूस सकाळी दुकानात पाऊल टाकल्यापासून संध्याकाळी सुटेपर्यंतचा एकूण पसारा १२ तासांपेक्षा अधिक नसावा.

‘कामाचे तास’ म्हणजे काय, हेही कायद्याने सांगून ठेविले आहे. नोकरमाणूस मालकाच्या हाताशी असतो तो सर्व काळ, त्यातून जेवण व विश्रांतीची सुटी वजा जाता, कामाचा होय. गिऱ्हाईक नसताना तो स्टुलावर बसला असेल, तरी तो आपल्या हाताशी आहे. म्हणून तो तास कामाचाच. शटर उघडण्यापूर्वीची झाडलोट आणि शटर अर्धे ओढल्यानंतरची गल्ल्याची मोजणी हीही कामातच मोडतात. आपल्या दुकानांत जो वेळ सर्वांत सहज विसरला जातो तो नेमका हाच.

आता इतर राज्यांकडे पाहू. महाराष्ट्राच्या २०१७ च्या व गुजरातच्या २०१९ च्या कायद्यांनी ९ व ४८ तासांची हीच सीमा आणि दुप्पट दराचा हाच नियम ठेविला. तीन महिन्यांतील जादा तासांची कमाल मात्र १२५ केली आणि दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता कायदा मर्यादित केला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दिवसाची सीमा १० तास, तिमाहीची कमाल १४४ तास व कामगारसंख्येची अट वीस करण्यास मान्यता दिली. तेलंगणाच्या कायद्यात दुकानांसाठी दिवसाला ८ तास आहेत. जुलै २०२५ मध्ये तेथील शासनाने दुकाने वगळून इतर व्यापारी आस्थापनांस दिवसाला १० तासांची मुभा दिली, पण आठवड्याचे ४८ तास हलविले नाहीत. अशा दुरुस्त्या पुढेही होत राहतील. म्हणून प्रत्येक दुकानात आपल्या राज्याच्या कायद्याची ताजी प्रत असणे आवश्यक आहे. तथापि या सर्व बदलांत एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. दिवसाची दोरी कधी सैल होते, कधी आवळते. पण आठवड्याच्या ४८ तासांची खुंटी आणि जादा तासांच्या दुप्पट दराची खुंटी या दोन्ही जागच्या जागी राहिल्या आहेत.

राज्यांच्या या कायद्यांच्या जोडीला आता केंद्राचे कायदे उभे आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेचे चौदावे कलम असे सांगते की, ज्याचे किमान वेतन तासाने, दिवसाने वा त्याहून मोठ्या मुदतीने ठरविले आहे, त्याने नेहमीच्या दिवसापेक्षा अधिक काम केले तर प्रत्येक जादा तासास, आणि तासाच्या भागासही, किमान दुप्पट दर द्यावा. त्याच दिवशी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत जादा कामास कामगाराची संमती आवश्यक ठरविली, आणि जादा वेळ दिवसावर मोजावी की आठवड्यावर, या प्रश्नाचे उत्तर ‘जे कामगारास हितावह असेल तसे’ असे दिले.

एक साधे गणित

नियम कागदावर वाचून समजत नाही, हिशेब मांडला की समजतो. म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ सोयीचे आहेत.

एका कापडदुकानातील गुमास्त्यास दरमहा १५,६०० रुपये वेतन आहे. किमान वेतनाच्या हिशेबात रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे महिन्यास २६ ने भागले की दिवसाचे ६०० रुपये येतात. त्यास ८ ने भागले की तासाचे ७५ रुपये येतात. जादा तासाचा दर त्याच्या दुप्पट, म्हणजे १५० रुपये. ज्यास मुळातच तासावर ठेविले आहे त्याच्या बाबतीत ही भागाकाराची खटपटही नाही. तासाचा ठरलेला दर दुप्पट केला की झाले. येथे एक खुलासा हवा. तासावर चार तासांसाठी ठेविलेला माणूस एखाद्या दिवशी सहा तास थांबला, तर ते वरचे दोन तास साध्या दराचे होत. कारण कायद्याची सीमा त्याने ओलांडलेली नाही. दुप्पट दर सीमेपलीकडच्या तासांस आहे, बोलीपलीकडच्या तासांस नव्हे.

हा गुमास्ता सकाळी नऊला येतो, रात्री नऊला जातो. दुपारी जेवणास एक तास आणि मध्ये चहाफराळास मिळून एक तास, असे दोन तास वजा केले तर कामाचे तास १० राहिले. पसारा १२ तासांचा, काम १० तासांचे. कर्नाटकाच्या कायद्याप्रमाणे एकेक दिवस पाहिला तर सारे काठावर का होईना, बसते. आता आठवड्याची बेरीज करा. सहा दिवसांचे ६० तास झाले. ९ तासांच्या दैनिक सीमेने मोजले तर जादा तास ६ भरतात. ४८ तासांच्या साप्ताहिक सीमेने मोजले तर १२ भरतात. दोन्हींची बेरीज करावयाची नसते. जे कामगारास हितकर ते धरावयाचे, म्हणजे १२ तास. १२ तासांचे १५० रुपये दराने आठवड्याला १,८०० रुपये, आणि चार आठवड्यांस ७,२०० रुपये.

बंधूंनो, या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. १५,६०० रुपये वेतनाच्या माणसाचे ७,२०० रुपये दरमहा आपल्या वहीत कोठेच नाहीत. ते नफ्याच्या रकान्यात गुपचूप जाऊन बसले आहेत. उधारीवर माल उचलून त्याची नोंद न ठेवणाऱ्या गिऱ्हाइकास आपण काय म्हणतो, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

गणित येथे संपत नाही. आठवड्याला १२ प्रमाणे तेरा आठवड्यांच्या तिमाहीत १५६ जादा तास होतात. कर्नाटकाची कमाल ५०, महाराष्ट्र व गुजरात यांच्या कायद्यांनी घातलेली कमाल १२५, आणि महाराष्ट्राने वाढवावयाची ठरविलेली कमालही १४४! म्हणजे दुप्पट दर देण्याची तयारी असली, तरीसुद्धा असा दिनक्रम वर्षभर चालविता येत नाही. ‘नऊ तासांची मुभा आहे’ एवढेच ऐकून रोज नऊ तास काम घेणाराही चुकतो. कारण नऊ गुणिले सहा म्हणजे ५४, आणि त्यांतील ६ तास साप्ताहिक सीमेच्या बाहेर पडतात. कायद्याने ९ तास दिले आहेत ते एखाद्या दिवशी काम वाढले तर दुसऱ्या दिवशी कमी करता यावे म्हणून, सहाही दिवस ताणण्यासाठी नव्हेत.

दुप्पट का?

दीडपट पुरेशी नव्हती काय, असे कोणी विचारील. दुप्पट दराचा हेतू नोकरास श्रीमंत करणे हा नाही, आणि मालकास दंड करणे हाही नाही. वरील उदाहरणातील तेच १२ तास एखाद्या गरजू विद्यार्थ्यास, निवृत्त माणसास वा घरकाम आटोपून दोन तास मोकळ्या असणाऱ्या भगिनीस तासाला ७५ रुपये दराने दिले, तर आठवड्याला ९०० रुपये पडतात. थकलेल्या गुमास्त्याकडून करून घेतले तर १,८०० पडतात. थकलेल्या माणसाचा दहावा तास ताज्या माणसाच्या पहिल्या तासापेक्षा महाग व्हावा, म्हणजे मालकाने आपण होऊन दुसरा माणूस ठेवावा, अशी ही योजना आहे. व्यापाऱ्यास उपदेश करण्यापेक्षा भाव बदलावा, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले. भावाची भाषा आपणांस दुसऱ्या कोणापेक्षाही अधिक कळावयास हवी.

याच कारणास्तव, दुप्पट दर न देणारा मालक केवळ एका माणसाचे पैसे ठेवीत नाही. तो दुसऱ्या एका गरजूची अर्धवेळ नोकरीही अडवून ठेवतो. आपल्या गावातल्या गावात किती तरुण दोन-चार तासांच्या कामाच्या शोधात आहेत, हे पाहिले म्हणजे या अडवणुकीचे वजन ध्यानात येते.

नेहमीचे आक्षेप

‘आमचा माणूस घरच्यासारखा आहे’, हा पहिला आक्षेप. त्याच्या मुलीच्या लग्नात आपण मदत करतो, आजारपणात डॉक्टरचे बिल भरतो, दिवाळीस मिठाईच्या पुड्याबरोबर पाकीट देतो. हे सारे खरे आहे आणि भूषणावह आहे. परंतु देणगी आणि देणे यांत फरक आहे, हे व्यापाऱ्यास सांगावे लागू नये. देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर असते, देणे घेणाऱ्याच्या हक्कावर. देण्याची रक्कम बुडवून देणगी दिली, तर ती देणगी राहत नाही, त्याच्याच पैशांतून त्याच्यावर केलेला उपकार ठरतो. दिवाळीचा बोनस जादा तासांच्या पोटी वळता करता येत नाही. आणि घरचे माणूस म्हणावयाचे तर घरच्या माणसास आपण रात्री नऊपर्यंत उभे ठेवीत नाही.

‘पगार ठरवितानाच सगळे धरलेले आहे’, हा दुसरा आक्षेप. तोंडी बोलीने कायद्याची सीमा पुसता येत नाही. मूळ वेतन नावापुरते ठेवून बाकी रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत विभागली म्हणजे दुप्पटीचा आकडा लहान होईल, असा सल्ला काही हिशेबनीस देतात. तोही फसवा आहे. कर्नाटकाच्या कायद्यात नेहमीच्या वेतनात भत्ते धरलेले आहेत, बोनस तेवढा वगळला आहे. आणि नव्या वेतन संहितेने वगळावयाच्या भत्त्यांवर निम्म्याची मर्यादा घालून, त्यावरील रक्कम वेतनातच धरण्यास सांगितले आहे. गुमास्त्यास ‘मॅनेजर’ अशी पदवी दिल्यानेही काही साधत नाही. किल्ल्या कोणाकडे आहेत यापेक्षा निर्णय कोण घेतो, हे पाहिले जाते.

‘त्यालाच जादा काम हवे असते’, हा तिसरा आक्षेप. असेल. संसार ओढणारा माणूस जादा पैसे नको कशाला म्हणेल? परंतु त्यास हवे असतात ते जादा पैसे, जादा तास नव्हेत. दुप्पट दराने पैसे देऊन मग त्याची इच्छा विचारावी, म्हणजे संमती खरी ठरेल.

‘लहान दुकानास हे परवडत नाही’, हा चौथा आणि खरोखर विचारात घेण्याजोगा आक्षेप आहे. मोठ्या मॉलची आणि घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांची स्पर्धा आज प्रत्येक पेठेस जाणवते आहे. दुकान लवकर बंद केले तर गिऱ्हाईक मोबाईलवरून माल मागविते, हे आम्ही जाणतो. म्हणून दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवू नये असे आमचे म्हणणे नाही. दुकानाचे तास आणि माणसाचे तास या दोन निराळ्या वस्तू आहेत, एवढेच आमचे म्हणणे आहे. दुकान १२ तास चालो. एकच माणूस १२ तास चालू नये. एकाने नऊला यावे, दुसऱ्याने बाराला; एकाने सहाला जावे, दुसऱ्याने नऊला. दोनच माणसे असलेल्या दुकानातही हे साधते.

न्यायालयांनी काय म्हटले

या विषयात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय आपल्या मुलखाशी निगडित आहेत. नागपूर येथील किमान वेतन प्राधिकाऱ्यापुढून वर गेलेल्या ममर्डे यांच्या खटल्यात १९७२ साली असा प्रश्न होता की, नियमात जादा तासांस ‘नेहमीच्या दराची दुप्पट’ म्हटले आहे ती किमान वेतनाची दुप्पट, की कामगारास प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेतनाची? न्यायालयाने सांगितले की, नेहमीचा दर म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा दर. म्हणजे आपण किमान वेतनापेक्षा अधिक देत असलो, तरी ‘नेहमीच्या दराची दुप्पट’ असे नियम म्हणत असेल तेथे ती त्या अधिक रकमेवरच मोजावयाची.

दुसरा निर्णय गुजरातचा. कोरोनाच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये गुजरात शासनाने अधिसूचना काढून कारखान्यांस दिवसाला १२ व आठवड्याला ७२ तास काम घेण्याची मुभा दिली आणि जादा तासांस दुप्पट न देता साध्याच दराने वेतन द्यावे असे म्हटले. जुलैमध्ये तिची मुदत वाढविली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अधिसूचना रद्द केल्या व त्या काळातील जादा तासांचे वेतन कायद्याप्रमाणे देण्यास सांगितले. साथीसारख्या संकटातही ज्या दुप्पट दरास हात लावता आला नाही, तो दर आपली लग्नसराई वा दिवाळीची गर्दी पुढे करून टाळता येईल, अशी कल्पना कोणी करू नये.

आणि आता तर पुराव्याचे ओझेही मालकावर आले आहे. वेतन संहितेप्रमाणे कामगारास तीन वर्षांपर्यंत मागणी करता येते. देणे दिले आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. आणि दाव्याच्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देवविण्याचा अधिकार प्राधिकाऱ्यास आहे. ज्या दुकानात तासांची वही नाही, त्याच्याजवळ दाखविण्यासारखे काय असणार? पंधरा-वीस वर्षांचे संबंध शेवटी अशा दाव्यात तुटतात, तेव्हा दोन्ही बाजू दुखावतात, आणि पेठेत चर्चा होते ती पेढीच्या नावाची.

सूर्यास्तानंतरचे दुकान

कायद्याच्या पलीकडची एक गोष्ट सांगणे येथे अप्रस्तुत ठरू नये. आपल्यापैकी अनेक कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नियम आहे. मालक सायंकाळी घरी जाऊन जेवून येतो. त्या वेळी दुकान गुमास्त्याच्या हाती असते, आणि त्याचे जेवण रात्री दहाला घरी पोहोचल्यावर होते. आपल्या नियमाची सोय ज्याच्या उभ्या राहण्यावर अवलंबून आहे, त्याच्या तासांचा हिशेब ठेवणे हे आपले पहिले कर्तव्य नव्हे काय? आपल्या आचारशास्त्राने अहिंसाव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ गणले आहे. बैलाच्या पाठीवर शक्तीबाहेर ओझे लादणे जेथे दोष, तेथे माणसाच्या पायांवर बारा तासांचा दिवस लादणे निर्दोष कसे ठरेल?

करावयाचे काय?

उपाय अवघड नाही, आणि तो आपल्याच परंपरेतला आहे : एक वही. रोजकीर्दीच्या शेजारी तासांची वही ठेवावी. प्रत्येक माणसाच्या नावापुढे येण्याची वेळ, जेवणाची सुटी, जाण्याची वेळ आणि दिवसाचे तास लिहावेत व त्याची सही घ्यावी. शनिवारी बेरीज करावी. ४८ च्या पलीकडे जे भरेल ते लाल शाईने लिहावे. महिन्याच्या पगाराबरोबर त्या लाल आकड्यांची दुप्पट रक्कम निराळी दाखवून द्यावी, पगारात मिसळून नव्हे. म्हणजे दिले किती व कशाबद्दल, हे दोघांसही कळेल. ज्यांच्याकडे संगणकावर हिशेब आहे त्यांस हे याहूनही सोपे. पहिल्या दोन महिन्यांत लाल शाई पुष्कळ खर्च होईल. तिसऱ्या महिन्यापासून मालक स्वतःच दुसरा माणूस शोधू लागेल, कारण आकडा डोळ्यांसमोर आला की व्यापारी स्वस्थ बसत नाही.

दिवाळीचा पंधरवडा, लग्नसराईचे दिवस आणि मार्चअखेर यांसाठी जादा तासांची शिल्लक राखून ठेवावी. वर्षभर उधळपट्टी केली की ऐन हंगामात कमाल मर्यादा आडवी येते. आणि साप्ताहिक सुटी ही जादा कामाची जागा नव्हे, हे स्वतंत्रपणे ध्यानी ठेवावे.

आपल्या संघानेही येथे पुढाकार घ्यावा. तासांच्या वहीचा एक नमुना छापून प्रत्येक सभासदास द्यावा; आपापल्या राज्याचा दैनिक, साप्ताहिक व तिमाही आकडा दुकानात लावण्याजोग्या एका तक्त्यावर मराठीत व स्थानिक भाषेत द्यावा, आणि कायदा बदलला की तक्ता बदलावा; अर्धवेळ काम हवे असणाऱ्यांची व देऊ इच्छिणाऱ्यांची यादी संघाच्या कार्यालयात ठेवावी. व्यापारी संघटना शासनाकडे कामाचे तास वाढवून मिळावेत म्हणून निवेदने देत असतात. त्यांत गैर काही नाही. परंतु जादा तासाची जादा किंमत जो चोख मोजतो, त्याच्याच निवेदनास वजन येते.

वाडवडिलांकडून आपणांस दुकान मिळाले, गिऱ्हाईक मिळाले आणि नाव मिळाले. त्या नावामागे ज्यांचे पाय दिवसभर उभे राहिले, त्या माणसांचे तास कोणत्याही जुन्या वहीत लिहिलेले नाहीत. ते आता भरून काढता येणार नाहीत. येत्या पाडव्यास नव्या वह्यांचे पूजन करताना त्यांत आणखी एक पातळशी वही ठेवावी, एवढीच सर्व सभासदांस विनंती.